कार्यालयाचा इनबॉक्स आणि सहा गठ्ठ्यांची पद्धत

ताई, आपला प्रश्न मी दोनदा वाचला. एका अनुदानित महाविद्यालयात आपण दोन वर्षांपूर्वी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालात, महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलचे काम आपल्याकडे आले, इनबॉक्समध्ये १४ हजारांहून अधिक मेल साठलेले होते, ते आवरावेत म्हणून दिवाळीच्या सुटीत बसून आपण साठेक लेबले (मेलांना लावायच्या नावांच्या चिठ्ठ्या) तयार केलीत, आणि एवढे करूनही मागच्या आठवड्यात वरिष्ठ कार्यालयाने मागवलेली माहिती मुदतीत गेली नाही म्हणून प्राचार्यांपुढे आपल्याला खुलासा द्यावा लागला. रात्री मोबाइलवर एकदा मेल पाहिल्याशिवाय डोळा लागत नाही, असेही आपण लिहिले आहे. इनबॉक्स नीट लावायचा कसा, हा आपला प्रश्न आहे.

माझ्या मते अडचण लावण्याची नाही. सुटीत बसून साठ लेबले करणाऱ्या माणसाला टापटीप शिकवण्याची गरज नसते. आपल्याकडे इनबॉक्स एकाच वेळी दोन कामे करतो आहे: तो टपालाची पेटीही आहे आणि करायच्या कामांची यादीही आहे. पेटीत नवे टपाल वर येते आणि जुने खाली जाते. कामाला मात्र हा क्रम लागू नाही, कारण दहा दिवसांपूर्वी आलेल्या पत्राची मुदत उद्या असू शकते आणि आज सकाळी आलेले पत्र केवळ माहितीसाठी असू शकते. आपली लेबले मेल कोणाकडून आला हे सांगतात, म्हणजे विद्यापीठ, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय, बँक, पुरवठादार, विद्यार्थी. त्या मेलाचे आता काय करायचे आहे, हे त्यातले एकही लेबल सांगत नाही. म्हणून सगळे जागच्या जागी असूनही पत्र राहून गेले.

उत्तर देण्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य करतो. मेलपेटी आपण एकट्याच पाहता की तिचा पासवर्ड चौघांकडे आहे, प्राचार्य मेल स्वतः उघडतात की आपल्याकडून छापील प्रत मागवतात, आवक नोंदवहीत ईमेलची नोंद होते की नाही, यावर बरेच ठरते. खाते जीमेलचे आहे असे आपल्या लिहिण्यावरून दिसते, म्हणून पुढचे तपशील जीमेलला धरून देतो.

मी १९९४ मध्ये जिल्हा परिषदेत लागलो, चार वर्षांनी महाविद्यालयात आलो आणि आज कार्यालयीन अधीक्षक आहे. माझी स्वतःची चूक आधी सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते तिच्यातून आलेले आहे. ऑगस्ट २०११ मधली सकाळ होती. खिडकीशी बोनाफाईड दाखल्यासाठी एक मुलगा उभा होता, त्याच्या मागे आणखी सहा-सात जण होते. मी मेल उघडला, शिष्यवृत्तीच्या ११ अर्जांतील त्रुटी शुक्रवारपर्यंत दूर करून पाठवाव्यात, अशा दोन ओळी वाचल्या आणि दाखल्यावर शिक्का मारायला वळलो. परत संगणकाकडे पाहिले तेव्हा त्या मेलाची ठळक अक्षरे साधी झालेली होती आणि वर तीन नवे ठळक मेल आले होते. मी ते तीन वाचले. शुक्रवार निघून गेला. त्या ११ मुलांची रक्कम पुढच्या हप्त्यावर गेली, आणि त्यातल्या एका मुलीचे वडील वसतिगृहाची फी उसनी आणून भरायला माझ्याच खिडकीशी आले. त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही. वाचलेला मेल आणि निकाली निघालेला मेल यांत पडद्यावर काहीच फरक दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

त्यानंतर मी जिल्हा परिषदेत शिकलेल्या गोष्टीकडे परत गेलो. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत आणि जिल्हा परिषदांत सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे, ती आपण ऐकली असेल. प्रत्येक लिपिकाच्या टेबलावरील कागद सहा गठ्ठ्यांत ठेवायचे असतात: प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद. या मांडणीत कागद कोणाकडून आला याला स्थान नाही, त्या कागदाची पुढची पायरी कोणती एवढेच विचारलेले आहे. टेबलाला लागू पडते ते मेलपेटीलाही लागू पडते, आणि इथे काम आणखी सोपे होते, कारण पाचवा गठ्ठा म्हणजे जीमेलमधील अर्काइव्ह (मेल न पुसता इनबॉक्समधून हलवण्याची सोय) आणि सहावा म्हणजे डिलीट. लेबले उरतात फक्त चार. त्यांच्या नावांआधी १ ते ४ हे आकडे घातले की ती डावीकडे त्याच क्रमाने वर राहतात.

प्रलंबित या लेबलाखाली फक्त तेच मेल ठेवावेत, ज्यांवर आपल्याला किंवा आपल्या कार्यालयातील कोणाला तरी काही करायचे आहे. प्रतीक्षाधीन म्हणजे आपले काम झाले, आता उत्तर दुसऱ्याकडून यायचे आहे, उदाहरणार्थ विद्यापीठाकडे पाठवलेला मान्यतेचा प्रस्ताव किंवा पुरवठादाराकडून मागवलेले दरपत्रक. पाठवलेल्या मेलालाही लेबल लावता येते हे अनेकांच्या लक्षात येत नाही, आणि आपल्याकडच्या निम्म्या कटकटी पाठवून विसरलेल्या पत्रांतून उभ्या राहतात. अर्काइव्ह केलेल्या मेलावर समोरून उत्तर आले की तो आपोआप इनबॉक्समध्ये परत येतो, त्यामुळे हा गठ्ठा रोज उघडण्याची गरज नसते. मी तो दर सोमवारी उघडतो आणि पंधरा दिवस झालेल्या पत्रांना स्मरणपत्र पाठवतो. नियतकालिकांत दरमहा किंवा दरवर्षी ठरलेल्या वेळी जाणारी माहिती येते: वेतन देयके, अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेचा वार्षिक गुणवत्ता अहवाल. स्थायी आदेशांत शासन निर्णय, विद्यापीठाची परिपत्रके, शुल्काचे दर, म्हणजे वर्षभर पुन्हा पुन्हा पाहावे लागणारे कागद.

यात इनबॉक्स हा गठ्ठा नाही, हे कृपया ध्यानात घ्यावे. ती फक्त पेटी आहे. पेटीतले टपाल काढायचे, प्रत्येक पत्रावर शेरा मारायचा आणि ते त्या त्या गठ्ठ्यात टाकायचे, म्हणजे मेलाला लेबल लावून तो अर्काइव्ह करायचा. शेरा न मारता पत्र परत पेटीत टाकणारा लिपिक आपण पाहिलेला नाही, पण मेल उघडून वाचून तसाच सोडणारे सगळेच असतात, मीही होतो.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते परवाच्या मंगळवारचे उदाहरण देऊन सांगतो. सकाळी १०:४० वाजता बसलो तेव्हा इनबॉक्समध्ये ३७ मेल होते. त्यातले १२ पुस्तक विक्रेत्यांचे, कार्यशाळांच्या जाहिरातींचे आणि पैसे घेऊन शोधनिबंध छापणाऱ्यांचे होते. ते डिलीट केले, आणि ज्या ओळखीच्या संस्थांचे मेल आम्हाला नको होते त्यांचे सदस्यत्व रद्द केले. २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने जाहिरातींचे मेल पाठवणाऱ्यांना एका टिचकीत सदस्यत्व रद्द करण्याची सोय देणे बंधनकारक केले आहे, त्यामुळे हे काम आता पूर्वीइतके किचकट राहिलेले नाही. अनोळखी आणि संशयास्पद मेलातील असल्या दुव्यावर मात्र टिचकी मारू नये, तो सरळ स्पॅममध्ये टाकावा. पुढचे ९ विद्यार्थ्यांचे होते: निकालपत्र कधी मिळेल, शाळा सोडल्याचा दाखला पोस्टाने पाठवाल का, असे. यांची उत्तरे ठरलेली आहेत, म्हणून ती जीमेलच्या टेम्प्लेट सोयीत साठवलेली आहेत, सेटिंगमधील प्रगत विभागात ती एकदा सुरू करावी लागते. प्रत्येकाला दोन-तीन टिचक्यांत उत्तर गेले, पण वर त्या विद्यार्थ्याचे नाव मी हाताने लिहितो, आणि ते सोडू नये असे मला मनापासून वाटते. परिपत्रके ८ होती, ती परीक्षा विभागाला आणि ग्रंथालयाला पुढे पाठवून स्थायी आदेशांत टाकली. प्रतीक्षाधीन पत्रांची ५ उत्तरे आली होती, त्यातल्या चार प्रकरणांचे काम संपले, एकाने आणखी कागद मागितले म्हणून ते प्रलंबितमध्ये आले. उरलेले ३ माहिती मागवणारे होते. एकाचे उत्तर ‘निरंक’, म्हणजे कळवण्याजोगे काही नाही, असे होते, ते प्राचार्यांना विचारून तिथेच पाठवले. म्हणजे ३७ मेलांतून खरे काम निघाले तीन मेलांचे, आणि सगळ्याला लागली ३५ मिनिटे. आपल्या १४ हजारांचा धसका यासाठी घेऊ नये. त्यातले काम करायचे मेल मूठभरच असणार.

माहिती मागवणाऱ्या त्या मेलांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळा ताण तिथूनच येतो. वरिष्ठ कार्यालयाचा मेल उघडला की मजकुरात बहुधा ‘सोबतचे पत्र पाहावे’ एवढेच असते. मुदत असते ती अटॅचमेंटमधील तिरक्या स्कॅन केलेल्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात, कधी विवरणपत्राच्या तळटीपेत. म्हणून अटॅचमेंट शेवटपर्यंत वाचल्याशिवाय असा मेल बाजूला ठेवायचा नाही, हा माझ्या कार्यालयातील पक्का नियम आहे. मुदत सापडली की मी दोन तारखा लिहितो, एक पत्रातली आणि एक तिच्या दोन दिवस आधीची, कारण माहिती तयार झाल्यावरही प्राचार्यांची सही, शिक्का आणि स्कॅन यांत एक दिवस जातो आणि एक दिवस वीज किंवा संकेतस्थळ बंद पडण्यासाठी हाताशी असावा लागतो. ही आधीची तारीख गूगल कॅलेंडरमध्ये आणि भिंतीवरच्या फळ्यावर, दोन्हीकडे जाते. जीमेलमध्ये स्नूझची सोय आहे, ठरवलेल्या दिवशी मेल पुन्हा इनबॉक्समध्ये वर येतो. वैयक्तिक खात्यात ती मी वापरतो. कार्यालयाच्या सामाईक खात्यात वापरत नाही, कारण स्नूझ केलेला मेल तोपर्यंत इतरांच्याही नजरेआड होतो, आणि आपण रजेवर असलो तर तो नेमका त्याच दिवशी उगवतो.

मेल पाहिलाच नव्हता, हा खुलासा कार्यालयीन कामात टिकत नाही, हेही सांगणे भाग आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ नुसार, दुसरे काही ठरलेले नसेल तर, मेल घेण्यासाठी आपण जी पेटी नेमून दिली आहे तिच्यात तो दाखल झाला की तो मिळाला असे धरले जाते. तो केव्हा उघडला याचा तिथे संबंध येत नाही.

आता साठ लेबलांकडे येतो. ती मोडावीत असे मी सुचवतो, आणि त्यासाठी माझ्या अनुभवाखेरीज एक आधारही आहे. आयबीएमच्या संशोधकांनी २०११ मध्ये ३४५ जणांच्या मेलपेट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुना मेल पुन्हा शोधण्याच्या ८५ हजारांहून अधिक कृती त्यांनी तपासल्या आणि असे आढळले की फोल्डरांची बारकाईने मांडणी करणाऱ्यांना मेल शोधून काढण्यात त्या मेहनतीचा फायदा झाला नाही, शोधचौकट वापरणाऱ्यांचे काम तितकेच, किंबहुना अधिक लवकर होत होते. जीमेलच्या शोधचौकटीच्या उजव्या टोकाला असलेल्या चिन्हावर टिचकी मारली की पाठवणारा, विषय, तारखेचा कालावधी, अटॅचमेंट आहे की नाही आणि आकार अशी सगळी घरे उघडतात. आपली साठ लेबले जे सांगतात ते यातून दोन क्षणांत मिळते.

शोध मात्र तेव्हाच लागतो जेव्हा शोधण्याजोगे शब्द मेलात असतात. आलेल्या मेलांवर आपला ताबा नाही, पण जाणाऱ्यांवर आहे. ‘माहिती पाठवणेबाबत’ हा विषय लिहून आपण वर्षभरात दोनशे मेल पाठवत असू, आणि मग मार्चमध्ये त्यातला एक हवा असतो. त्याऐवजी विषयाच्या ओळीत माहितीचे नाव, शैक्षणिक वर्ष आणि ज्या पत्राचे उत्तर आहे त्याचा दिनांक लिहावा. स्कॅन केलेल्या फाइलचे यंत्राने दिलेले क्रमांकाचे नाव बदलून तिलाही असेच नाव द्यावे. नव्या विषयासाठी जुन्या मेलावर उत्तर देण्याची सवय तर ताबडतोब सोडावी, कारण जीमेल एका संभाषणातील मेल एकत्र गुंडाळून ठेवतो आणि नवी मागणी जुन्या बाडात दडून जाते. समोरच्याने तसे केले असेल, तर मी तो मेल योग्य विषय लिहून स्वतःलाच पुढे पाठवतो आणि त्या नव्या मेलाला लेबल लावतो.

पासवर्ड चौघांकडे असेल तर वरची सगळी शिस्त दोन दिवसांत मोडते. एकाने उघडलेला मेल दुसऱ्याला वाचलेला दिसतो आणि प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने काम केले असेल. जीमेलच्या सेटिंगमध्ये खात्याचा वापर दुसऱ्यांना सोपवण्याची सोय आहे. साध्या खात्यातही १० जणांपर्यंत ती देता येते, ते आपापल्या खात्यातून ही पेटी उघडतात आणि पासवर्ड कोणाला सांगावा लागत नाही. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पेटी उघडून शेरा मारणारा माणूस एकच असावा आणि त्याच्या रजेच्या दिवसांसाठी दुसऱ्याचे नाव ठरलेले असावे. हे आपण स्वतःहून लादू शकणार नाही, प्राचार्यांकडून एक ओळीचा कार्यालयीन आदेश काढून घ्यावा. मागच्या आठवड्यातील खुलाशानंतर तो मागण्याला आता निमित्तही आहे.

रात्रीच्या मोबाइलविषयी. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १२४ प्रौढांना एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल पाहायला सांगितले आणि दुसरा आठवडा हवे तितक्या वेळा पाहू दिले. तीनदाच पाहण्याच्या आठवड्यात त्यांना रोजचा ताण कमी जाणवला. मी १०:४०, १:३० आणि ४:३० या वेळा पाळतो. ४:३० ची वेळ मुद्दाम आहे, कारण ‘आजच सादर करावी’ अशी पत्रे दुपारनंतर येतात आणि त्या वेळी प्राचार्य अजून इमारतीत असतात. प्रवेशाच्या दिवसांत आणि निकालाच्या आठवड्यात तीन वेळा पुरत नाहीत, तेव्हा तासातासाने पाहावेच लागते. रात्री ११ वाजता मात्र माहिती मागवणारा मेल दिसला तरी आपल्याजवळ ना हजेरीपट असतो, ना सही, ना शिक्का. काहीही करता येत नाही, फक्त झोप जाते. खरोखर तातडीचे असेल तेव्हा फोन येतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. कार्यालयाचे खाते आपल्या मोबाइलवरून काढून टाकावे, आणि ते काढल्याचे प्राचार्यांना सांगून ठेवावे, म्हणजे मनात धाकधूक राहणार नाही.

साठलेल्या १४ हजार मेलांना एकेक करून हात लावू नये. आधी गेल्या दोन महिन्यांतील मेलांपैकी विद्यापीठ, सहसंचालक कार्यालय, शिष्यवृत्ती आणि बँक यांचे मेल शोधून काढावेत, त्यातले अपुरे काम प्रलंबितमध्ये घ्यावे. याला एखादी दुपार लागेल. मग दोन महिन्यांपूर्वीचे सगळे मेल तारखेने शोधून एकदम अर्काइव्ह करावेत. सगळे निवडण्याच्या चौकोनावर टिचकी मारली की आधी पानावरचेच मेल निवडले जातात, वरच्या ओळीत शोधातील सगळे निवडण्याचा पर्याय येतो, तो घ्यावा. अर्काइव्ह म्हणजे डिलीट नाही, मेल ‘सर्व मेल’मध्ये राहतो आणि शोधला की सापडतो. डिलीट केलेला मात्र ३० दिवसांनी कायमचा जातो, म्हणून महाविद्यालयाचा पत्रव्यवहार असा घाऊक डिलीट करू नये. घाऊक डिलीट करायच्या त्या जाहिराती. साध्या खात्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा असते आणि ती भरली की नवे मेल येणेच थांबते. महाविद्यालयांची जागा मोठमोठ्या स्कॅन फाइलींनी भरते, तेव्हा आकाराच्या घरात १० एमबीहून मोठे असे शोधून त्या फाइली संगणकावर आणि एका जास्तीच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, मगच काढाव्यात.

राहिले ते मागच्या आठवड्यातले पत्र. आपण लिहिले नाही, पण मुदत गेली म्हणून ती माहिती अजून पाठवलीच नसेल अशी मला शंका आहे, कारण असे बहुतेकांचे होते. उद्या सकाळी इतर काहीही आवरण्याआधी ती पाठवावी. विषयात त्यांच्या पत्राचा क्रमांक आणि दिनांक लिहावा, विलंबाबद्दल एका वाक्यात दिलगिरी व्यक्त करावी, कारणे लांबवू नयेत, आणि मेल गेल्यावर दहा मिनिटांनी त्या टेबलावर फोन करून मिळाल्याची खात्री करावी. मग त्या पाठवलेल्या मेलाला ‘२ प्रतीक्षाधीन’ हे लेबल लावावे. आपल्या नव्या मांडणीतला पहिला मेल तोच असू द्यावा.